भेटी येतात, ऑर्डर येत नाहीत: लहान दुकानाच्या संकेतस्थळासाठी चाचणी आणि सुधारणेचा क्रम

नागपुरात इतवारीला माझ्या सासरचे मसाल्यांचे दुकान आहे. सावजी मसाला, काळा मसाला आणि हंगामात संत्रा बर्फी अशी मोजकीच विक्री असते. नोकरीसाठी पुण्याला आणि हैदराबादला गेलेल्या वैदर्भीय घरांतून फोनवर मागणी येऊ लागली, तेव्हा आम्ही संकेतस्थळ सुरू केले. लोक येत, पाहत आणि निघून जात. जाहिरातीवरचा खर्च वाढवला की भेटी वाढत, पण ऑर्डर त्या मानाने वाढत नसत. ही जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा बटणाचा रंग बदला, मथळा बदला असे सल्ले पुष्कळ मिळाले. आमच्याएवढ्या लहान दुकानाने कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. म्हणून तो क्रम येथे लिहीत आहे.

यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. भेटी कमी असतील तर सुरुवात चाचणीने करू नका. जे बिघडलेले आहे ते आधी शोधून दुरुस्त करा, आणि ज्या प्रश्नाचा निकाल दुसऱ्या कोणत्याही मार्गाने लागत नाही, त्याच प्रश्नासाठी चाचणी राखून ठेवा.

पुढे 'कन्व्हर्जन रेट' हा शब्द वारंवार येईल. शंभर जण संकेतस्थळावर आले आणि त्यांपैकी दोघांनी ऑर्डर पूर्ण केली, तर तो दर २ टक्के झाला. आणि 'चाचणी' म्हणजे पानाचे जुने आणि नवे असे दोन नमुने वेगवेगळ्या ग्राहकांना दाखवून, कोणत्या नमुन्यावर ऑर्डर जास्त येतात ते मोजणे.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवे

- गूगल ॲनालिटिक्स ४, म्हणजे संकेतस्थळावर किती जण आले आणि त्यांनी काय केले हे मोजणारे साधन, त्याचे खाते आणि त्यात बदल करण्याचा अधिकार. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या ईमेलवर उघडले असेल, तर मालकी आधी स्वतःकडे घ्या.
- मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी. हे साधन मोफत आहे. लोक पानावर कोठे बोट टेकवतात आणि कोठे अडतात, याची रेकॉर्डिंग त्यात पाहता येतात.
- पेमेंट गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणारी सेवा) आणि कुरिअर यांचे मागील किमान तीन महिन्यांचे अहवाल.
- खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि पाकिटावरील निव्वळ वजन, घटक व कमाल किरकोळ किंमत यांची अचूक माहिती.
- एक साधा, स्वस्त अँड्रॉइड फोन. तुमचे संकेतस्थळ त्यावर मोबाइल डेटा वापरून उघडा. दुकानातील वायफायवर सर्व काही ठीकच दिसते.
- एक नोंदवही.

१. आधी मोजमाप खरे करा

ॲनालिटिक्समध्ये किमान चार टप्पे नोंदले जात आहेत का, ते पाहा: वस्तूचे पान उघडणे, वस्तू कार्टमध्ये टाकणे, चेकआउट सुरू करणे आणि खरेदी पूर्ण होणे. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले, की सर्वांत मोठी गळती कोणत्या पायरीवर आहे ते दिसते, आणि पुढचे काम तेथूनच सुरू करायचे असते.

यात तीन ठिकाणी हमखास फसगत होते.

पहिली यूपीआयची. ग्राहक फोनवरील यूपीआय ॲपमध्ये जाऊन पैसे भरतो, आणि पैसे गेल्याचे दिसले की तेथूनच फोन बंद करतो. तो 'धन्यवाद' पानावर परत येत नाही, आणि खरेदीची नोंद जर त्या पानावरच होत असेल, तर ती विक्री ॲनालिटिक्सच्या लेखी झालेलीच नसते. आमच्याकडे पेमेंट गेटवेच्या अहवालातील ऑर्डर आणि ॲनालिटिक्समधील ऑर्डर यांचा मेळ बसेना, तेव्हा दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवली. गहाळ झालेल्या जवळजवळ सर्व नोंदी यूपीआयच्या निघाल्या. यावर उपाय असा की खरेदीची नोंद पेमेंट गेटवेच्या वेबहुकवरून, म्हणजे पैसे जमा होताच गेटवेकडून संकेतस्थळाच्या सर्व्हरला थेट जाणाऱ्या निरोपावरून करावी. हे काम संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून करून घ्या, आणि ते होईपर्यंत ऑर्डरचा आकडा गेटवेच्याच अहवालातून घ्या.

दुसरी फसगत घरच्या माणसांची. दिवसातून दहा वेळा दुकानातून कोणीतरी संकेतस्थळ उघडून पाहते आणि त्या सर्व भेटी मोजल्या जातात. ॲनालिटिक्समध्ये अंतर्गत भेटी वगळण्याची गाळणी आहे, पण ती सुरुवातीला केवळ तपासणीच्या स्थितीत असते; ती स्वतः सक्रिय करावी लागते.

तिसरी गोष्ट दोन मिनिटांची आहे. सविस्तर विश्लेषणासाठी लागणारी माहिती साठवण्याची मुदत मुळात दोन महिने असते आणि ती चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येते. हे आजच करा, कारण मुदत वाढवली म्हणून आधी पुसली गेलेली माहिती परत येत नाही, आणि गेल्या दिवाळीशी तुलना करण्याची वेळ आली की तिची उणीव भासते.

२. लोकांना पाहा आणि त्यांचे प्रश्न ऐका

क्लॅरिटी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात कोणताही बदल न करता, ऑर्डर न देता निघून गेलेल्यांची निदान पन्नास रेकॉर्डिंग पाहा. काम कंटाळवाणे आहे, तरीही दुसऱ्या कोणावर सोपवू नका.

माझ्या लक्षात राहिलेले एक रेकॉर्डिंग सांगते. फोनवरून आलेल्या एका व्यक्तीने सावजी मसाल्याचे पान उघडले आणि पाकिटाच्या फोटोवर बोट टेकवले. फोटो मोठा झाला नाही. तिने पुन्हा दोनदा टेकवले, पान खालपर्यंत सरकवले, वर आणले, पाकिटाच्या मागच्या बाजूच्या फोटोवर आणखी तीनदा टेकवले आणि पान बंद केले. असेच मी पुढे बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिले. लोक पाकिटामागची बारीक अक्षरे वाचू पाहत होते आणि आमचा फोटो मोठाच होत नव्हता.

त्यांना काय वाचायचे होते, याचे उत्तर सासूबाईंकडे होते. दुकानाचा फोन त्याच घेतात. मी त्यांना विचारले, "आई, फोनवर लोक आधी काय विचारतात?" त्यांनी क्षणभरही न थांबता तीन प्रश्न सांगितले: यात कांदा-लसूण आहे का, किती तिखट आहे आणि एका पाकिटात किती जणांचा रस्सा होतो. आमच्या पानावर घराण्याच्या परंपरेचा मोठा परिच्छेद होता. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र कोठेच नव्हती. त्या दिवसापासून फोनजवळ वही ठेवली आणि प्रत्येक प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत लिहायला सुरुवात केली. पुढे ज्या चाचण्या उपयोगी पडल्या, त्यांतील बहुतेकींचे मूळ याच वहीत आहे. तुमचे कापडाचे दुकान असो किंवा शिकवणी वर्ग असो, अशी वही पंधरा दिवसांत भरते.

३. जे बिघडलेले आहे ते चाचणी न घेता दुरुस्त करा

काही दोष असे असतात, की ते दूर करावेत की नाही याची चाचणी घेणे म्हणजे वेळ घालवणे होय. आमच्याकडे सापडलेले चार दोष पुढे देते. तुमच्याकडे यांपैकी किमान एक असण्याची शक्यता मोठी आहे.

पिनकोड: फोनवर मराठी कळफलक सुरू असला की अनेकांकडून पिनकोड देवनागरी अंकांत लिहिला जातो. आमचा फॉर्म तो चुकीचा ठरवून लाल अक्षरांत नाकारत होता, आणि तेही इंग्रजीतून. एका रेकॉर्डिंगमध्ये एकाच व्यक्तीने तोच पिनकोड चार वेळा पुसून पुन्हा लिहिलेला दिसतो. लिहिलेले अंक अचूक होते. ते वाचता न येणारा फॉर्म आमचा होता. देवनागरी अंक आपोआप इंग्रजी अंकांत बदलून घेण्याची सोय काही ओळींच्या कोडमध्ये होते. मराठी ग्राहक असलेल्या प्रत्येकाने पिनकोड आणि मोबाइल क्रमांक हे दोन रकाने देवनागरी अंक लिहून आज तपासावेत, असे मी आवर्जून सांगेन.

डिलिव्हरी चार्ज: तो शेवटच्या पानावर दाखवू नका. मसाल्याचे पाकीट घेणाऱ्याला पैसे भरण्याच्या क्षणी पाकिटाच्या निम्म्याहून अधिक डिलिव्हरी चार्ज दिसला, तर तो निघून जातो आणि मनात राग घेऊन जातो. आम्ही वस्तूच्या पानावरच किमतीखाली पिनकोड लिहून खर्च पाहण्याची सोय केली.

वेग: गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पानाचा पत्ता टाका. पानावरील मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये, म्हणजे त्याचा स्थिरतेचा आकडा ०.१ च्या आत असावा, या चांगल्या पानाच्या कसोट्या मानल्या जातात. लहान दुकानांच्या बाबतीत बहुधा दोष कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेल्या अवजड फोटोंचा असतो.

ॲपमधला ब्राउझर: समाजमाध्यमावरील जाहिरातीवर बोट टेकवले, की पान त्या ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. तेथून यूपीआय ॲप उघडते का, हे स्वतः एक रुपयाची चाचणी-वस्तू तयार करून तपासा. आमच्या बाबतीत काही फोनवर ते उघडत नव्हते, आणि जाहिरातीचा पैसा तेथेच वाया जात होता.

४. गृहीतक एका वाक्यात लिहा

दुरुस्त्या झाल्यानंतर जे प्रश्न उरतात, ते खऱ्या अर्थाने चाचणीचे विषय असतात. प्रत्येक चाचणीपूर्वी वहीत एक वाक्य लिहा: आम्ही काय पाहिले, म्हणून काय बदलत आहोत आणि त्यामुळे कोणता आकडा कोणत्या दिशेने जाईल. आमचे वाक्य असे होते: "ग्राहक फोनवर कांदा-लसूण, तिखटपणा आणि रश्श्याचे प्रमाण विचारतात, म्हणून ही तीन उत्तरे किमतीच्या लगेच खाली ठेवल्यास पूर्ण झालेल्या ऑर्डर वाढतील." 'पान आकर्षक करू' हे गृहीतक नव्हे, कारण ते खोटे ठरवता येत नाही.

५. किती भेटी लागतील, हे आधी मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि म्हणूनच बहुतेक लहान चाचण्या निरर्थक ठरतात. मोजण्याची एक ढोबळ पण भरवशाची रीत आहे. सध्याचा दर दशांशात घ्या. त्याला एक वजा तोच दर याने गुणा. आलेल्या संख्येला १६ ने गुणा. आणि जो फरक पकडायचा आहे त्याच्या वर्गाने भागा. उत्तर म्हणजे प्रत्येक नमुन्याला लागणाऱ्या भेटी. संख्याशास्त्रातील प्रचलित निकष, म्हणजे ५ टक्के सार्थता पातळी (फरक नसताना तो असल्याचा भास होण्याची शक्यता) आणि खरा फरक असल्यास तो सापडण्याची ८० टक्के शक्यता, यात गृहीत धरलेले आहेत.

समजा, तुमचा दर २ टक्के आहे आणि तो ३ टक्के होईल अशी अपेक्षा आहे. मग ०.०२ गुणिले ०.९८ गुणिले १६ भागिले ०.०१ चा वर्ग, म्हणजे ३,१३६. दोन नमुने मिळून ६,२७२ भेटी झाल्या. महिन्याला सहा हजार भेटी येत असतील, तर साधारण एका महिन्यात निकाल मिळेल. आता अपेक्षा २ वरून २.४ टक्क्यांची ठेवा. प्रत्येक नमुन्याला १९,६०० भेटी लागतात आणि त्याच दुकानाला निकालासाठी साडेसहा महिने थांबावे लागते.

या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे: लहान दुकानाने बटणाच्या रंगासारख्या किरकोळ बदलांची चाचणी घेऊ नये. ज्या बदलाने ग्राहकाच्या मनातील शंकाच दूर होते, असाच ठळक बदल चाचणीला लावावा. महिन्याला हजारभरच भेटी येत असतील, तर पहिल्या तीन टप्प्यांवरच थांबा; तुमचा खरा फायदा तेथे आहे.

६. चाचणी लावा, आणि दोन्ही नमुने एकाच वेळी चालवा

'या महिन्यात जुने पान, पुढच्या महिन्यात नवे' ही तुलना करू नका. संत्र्याच्या गावात याचे कारण सांगायला नको. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येते आणि मृगाचे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. जुने पान आंबियात आणि नवे मृगात दाखवून बर्फीची विक्री ताडली, तर फरक पानाचा आहे की बहाराचा, हे कोण सांगणार? म्हणून दोन्ही पाने एकाच काळात दाखवा आणि कोणत्या ग्राहकाला कोणते दिसावे हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरू द्या. ही रीत आली आहे तीही शेतातूनच. रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रुजू झाले, आणि कोणत्या वाफ्याला कोणते खत मिळावे हे माणसाच्या पसंतीने न ठरवता यदृच्छेने ठरवावे, हा आग्रह त्यांनी तेथील कामातून मांडला. तुमच्या संकेतस्थळावर येणारा प्रत्येक ग्राहक हा असा एक वाफा आहे.

साधनाविषयी थोडक्यात सांगते. जुन्या लेखांतून गूगल ऑप्टिमाइझचे नाव वाचायला मिळते; ती सेवा ३० सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली, तेव्हा तिच्या शोधात वेळ घालवू नका. भारतात तयार झालेले व्हीडब्ल्यूओ, तसेच मुक्त स्रोत असलेले ग्रोथबुक असे पर्याय उपलब्ध आहेत. साधन कोणतेही असो, चार गोष्टी पाहा. एकाच व्यक्तीला पुन्हा आल्यावर तोच नमुना दिसला पाहिजे. जुने पान क्षणभर चमकून मग नवे दिसत असेल, तर तो दोष आधी दूर करा, कारण ती चमकच ग्राहकाला बिचकवते. दोन नमुन्यांचे पत्ते वेगळे असतील, तर शोधयंत्रासाठी तात्पुरते, म्हणजे ३०२ प्रकारचे पुनर्निर्देशन (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेणे) वापरा आणि कॅनॉनिकल, म्हणजे शोधयंत्राने मुख्य मानायचा पत्ता, म्हणून मूळ पानाचाच पत्ता द्या. आणि निम्मे-निम्मे वाटप ठरवले असताना एका नमुन्याला ठळकपणे कमी भेटी मिळत असतील, तर वाटपातच बिघाड आहे. त्या चाचणीचा निकाल वापरू नका.

७. ठरलेल्या दिवसापूर्वी निकाल लावू नका

माझी पहिली चाचणी संत्रा बर्फीच्या पानाची होती आणि ती मी धनत्रयोदशीच्या आठवड्यात सुरू केली. चौथ्या दिवशी नवे पान इतके पुढे दिसले की मी चाचणी थांबवून ते सर्वांना लागू केले. तुळशीच्या लग्नापर्यंत विक्री पूर्वीच्याच पातळीवर आली. त्या चार दिवसांत मी दोन चुका केल्या होत्या. रोज आकडे पाहून मनाजोगते दिसताच थांबलो, की नसलेला फरक असल्याचा भास होण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून बरीच वर जाते. शिवाय दिवाळीत भेट म्हणून बर्फी घेणारा ग्राहक वर्षभर येणाऱ्या ग्राहकाहून वेगळा असतो. तो पान न वाचताही ऑर्डर देतो.

म्हणून संपण्याची तारीख सुरू करतानाच वहीत लिहा. चाचणी नेहमी पूर्ण आठवड्यांच्या पटीत चालवा, किमान दोन आठवडे, कारण रविवारचा ग्राहक आणि बुधवारचा ग्राहक सारखा वागत नाही. सणाच्या तोंडावर ती सुरू करू नका. मधल्या काळात किंमत, जाहिरात किंवा सवलत बदलू नका. रोज पाहायचे ते एवढेच, की पान चालू आहे आणि पैसे भरले जात आहेत.

८. निकाल वाचताना ऑर्डरच्या पुढे पाहा

तीन उत्तरांची चाचणी आम्ही सहा आठवडे चालवली आणि नवे पान स्पष्टपणे पुढे राहिले. त्यानंतर पूर्ण मराठी पान आणि मराठी-इंग्रजी मिश्र पान यांची तुलना केली. तिच्यात फरक सापडला नाही. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच असे नव्हे. आमच्या भेटींच्या संख्येत पकडता येईल एवढा तो मोठा नव्हता, इतकेच म्हणता येते. अशा वेळी सांभाळायला सोपा असलेला पर्याय ठेवावा. आम्ही मराठी ठेवले.

सर्वांत मोठा धडा कॅश ऑन डिलिव्हरीच्या चाचणीने दिला. तो पर्याय यादीत सर्वांत वर ठेवल्यावर ऑर्डर वाढल्या आणि घरात आनंद झाला. महिनाअखेरीस कुरिअरचा अहवाल आला, तेव्हा परत आलेली पार्सलेही वाढलेली दिसली. परत आलेल्या पार्सलाचा जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही खर्च आपल्यालाच लागतो, आणि उघडलेल्या खोक्यातील बर्फी पुन्हा विकता येत नाही. तेव्हापासून आम्ही ग्राहकाच्या हाती पोचलेली ऑर्डर हाच एक आकडा निकालासाठी धरतो, आणि त्यासाठी चाचणी संपल्यावर आणखी पंधरा दिवस थांबतो.

मुख्य आकडा एकच ठेवा. वीस आकडे तपासले, तर ५ टक्क्यांच्या निकषावर त्यांतील एखादा केवळ योगायोगाने 'जिंकलेला' दिसणे अपेक्षितच आहे.

९. कायद्याच्या मर्यादेत राहा

'फक्त दोन पाकिटे शिल्लक' असे खोटे लिहून ऑर्डर वाढतात का, हे तपासण्याचा मोह होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या पद्धती नमूद केल्या आहेत. खोटी घाई लावणे, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणारा मजकूर लिहिणे या पद्धती त्यांत आहेत. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. आम्ही ही माहिती चेकआउटच्या पानाखाली ठळकपणे दिली. अनोळखी दुकानात पहिल्यांदा पैसे भरणाऱ्याला समोर जबाबदार माणसाचे नाव दिसले, की धीर येतो, असे फोनवरच्या बोलण्यातूनही जाणवते.

१०. नोंद ठेवा आणि हरलेला नमुना काढून टाका

प्रत्येक चाचणीसाठी वहीचे एक पान ठेवा: गृहीतक, दोन्ही नमुन्यांचे फोनवरील स्क्रीनशॉट, सुरू आणि बंद करण्याची तारीख, भेटी, पोचलेल्या ऑर्डर, परत आलेली पार्सले, आणि त्या काळात आलेला सण, जाहिरात किंवा बंद पडलेली सेवा. हरलेल्या चाचण्याही लिहा, नाहीतर दोन वर्षांनी घरातील कोणीतरी तीच कल्पना पुन्हा मांडते आणि ती आधी करून पाहिली होती हे कोणालाच आठवत नाही. निकाल लागला की जिंकलेला बदल संकेतस्थळाच्या मूळ कोडमध्ये घालून घ्या, चाचणीच्या साधनातील नमुना बंद करा, आणि त्याच दिवशी साध्या फोनवरून मोबाइल डेटा वापरून एक ऑर्डर स्वतः देऊन पाहा: देवनागरी अंकांत पिनकोड लिहून, यूपीआयने पैसे भरून, 'धन्यवाद' पानाची वाट न पाहता फोन बंद करून. ती ऑर्डर दुसऱ्या दिवशी तुमच्या अहवालात दिसली, म्हणजे पुढची चाचणी सुरू करायला हरकत नाही.